उलाळ गाडीचा प्रश्न : अमेरिकी पिकअप ट्रक, कॅम्पर आणि मागील सस्पेन्शनची सुधारणा (१९२५ ते १९७३)

प्रस्तावना

वाहतुकीचा इतिहास लिहिताना इंजिन, इंधन आणि रस्ते यांना मानाचे स्थान मिळते. गाडीचा सांगाडा आणि तिची चाके यांच्यामध्ये बसून सारा भार सोसणाऱ्या पाट्यांकडे मात्र इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. हा विषय कारखान्याचा किंवा गॅरेजचा, विद्याशाखेचा नव्हे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः एखादा समाज आपल्या गाडीवर कोणता भार लादतो, तो कोणाच्या जोखमीवर लादतो आणि त्याबद्दल उत्तर कोणी द्यायचे, हे प्रश्न जितके तांत्रिक तितकेच सामाजिक आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिकअप ट्रकच्या हौद्यात निवासकक्ष बसवून सहकुटुंब प्रवासास निघण्याची प्रथा रुजली. झोपण्याची जागा, लहानसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी व गॅसची टाकी असलेल्या या उचलून ठेवता येणाऱ्या खोलीस कॅम्पर म्हणतात. तो मागून ओढला जात नाही. त्याचा संपूर्ण भार ट्रकच पाठीवर वाहतो. असा कॅम्पर चढविल्यावर बहुतेक ट्रकांची एकच तक्रार असे : गाडी मागे बसते, पुढचे तोंड वर उचलले जाते आणि वळणावर ती डोलू लागते. या तक्रारीवर जे उपाय योजले गेले, त्यांचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. मागील सस्पेन्शन सुधारण्याची गरज कोणत्या परिस्थितीतून निर्माण झाली? त्यासाठी योजलेल्या उपायांनी नेमके काय साधले? आणि १९७३ मध्ये अमेरिकी शासनाला या बाबतीत नियम का करावा लागला? या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. मागे बसलेली गाडी सरळ उभी राहिली म्हणजे ती भार वाहण्यास समर्थ झाली, हा समज दीर्घकाळ टिकला. आणि तो दूर करण्यासाठी पाट्यांपेक्षा भाराच्या जागेकडे पाहावे लागले.

१. 'उलाळ' ही संकल्पना

विषयाच्या तांत्रिक गाभ्यासाठी मराठी भाषेत एक नेमका शब्द आहे. बैलगाडीत भार मागच्या बाजूस अधिक झाला की जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळले जातात. अशी गाडी 'उलाळ' झाली असे म्हणतात. उलाळ गाडी दुरुस्त करण्यासाठी शेतकरी चाक बदलत नाही किंवा आस मजबूत करीत नाही. तो चार पोती पुढे सरकवितो. टांगेवालाही मागे बसलेल्या उतारूंना हाच न्याय लावतो आणि त्यांना पुढे सरकावयास सांगतो. दोन चाकांच्या गाडीत भाराची जागा चुकली तर ती तत्काळ कळते, कारण जनावरच ती सांगते.

चार चाकांच्या यांत्रिक वाहनात ही सूचना इतकी स्पष्ट मिळत नाही. पुढच्या चाकांवर इंजिनाचा भार असतोच. त्यामुळे मागे जादा वजन पडले तरी तोंड थोडेसे वर उचलले जाते, इतकेच. शिवाय मध्ये पाटे असल्याने सारा दोष पाट्यांचा आहे असे वाटते. 'पाटे बसले' हे निदान होते आणि 'एक पाटा वाढवा' हा उपचार ठरतो. अमेरिकेत जे घडले ते बऱ्याच अंशी असेच होते.

२. पाट्यांची पूर्वपीठिका

स्थितिस्थापक वस्तूवर जितका ताण द्यावा त्या प्रमाणात ती लांबते वा वाकते, हा नियम रॉबर्ट हुक याने १६७८ मध्ये मांडला. लंडनच्या ओबाडिया इलियट या घोडागाड्या बनविणाऱ्या कारागिराने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले. त्यामुळे गाडीची बैठक थेट आसावर न ठेवता पोलादी पाट्यांवर पेलणे सुलभ झाले. पुढे मोटारगाडी आली तेव्हा तिने हा वारसा जसाच्या तसा स्वीकारला.

एकावर एक रचलेल्या पाट्यांचा हा जुडगा साधा दिसला तरी एकाच वेळी तीन कामे करतो. तो भार पेलतो, आसाला जागेवर धरून ठेवतो आणि पाटे एकमेकांवर घासत असल्याने झोल काही अंशी आवरतो. त्याचा ताठरपणा पाट्यांची संख्या व रुंदी यांच्या प्रमाणात वाढतो, जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजेच इतर गोष्टी समान असता जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. आखूड व जाड पाटे भार पेलतात, परंतु हिसके देतात. लांब व पातळ पाटे प्रवास सुखाचा करतात, परंतु भाराखाली बसतात. मालवाहू गाडीची खरी अडचण येथेच आहे. ती कधी रिकामी तर कधी भरलेली असते, आणि एकच पाटा दोन्ही अवस्थांना सारखा न्याय देऊ शकत नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे साहाय्यक पाटा. मुख्य जुडग्याच्या वर किंवा खाली असा पाटा बसवितात की, गाडी रिकामी असताना तो मोकळा राहतो आणि विशिष्ट मर्यादेपलीकडे ती खाली बसली की टेकून भार उचलू लागतो. पुढील काळातील बहुतेक सुधारणा या एका कल्पनेचाच विस्तार आहेत.

३. शेताच्या गाडीपासून कुटुंबाच्या गाडीपर्यंत

फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी या मोटारीवर आधारलेली, कारखान्यातूनच हौदा बसवून दिलेली पिकअप गाडी बाजारात आणली. तिची किंमत २८१ डॉलर होती आणि मुख्य ग्राहक शेतकरी व लहान व्यावसायिक होता. १९४८ मध्ये फोर्डची एफ मालिका आली. तोपर्यंत अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन ही वर्गवारी लोकांच्या तोंडी बसली होती. ही नावे वाहनाच्या वास्तविक भारक्षमतेची अचूक मोजमापे नव्हती. ती ढोबळ जातकुळी सांगणारी होती. ग्राहक मात्र त्यांच्यावरच विसंबत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सुबत्ता आणि पगारी सुट्ट्या वाढल्या. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांच्या जाळ्यास मंजुरी मिळाली. आठवडाभर मालवाहतूक करणारी गाडी सुट्टीत कुटुंबाचे घर होऊ शकते, ही कल्पना या परिस्थितीत आकर्षक ठरली नसती तरच नवल! कॅम्पर खाली उतरविला की ट्रक पुन्हा कामास मोकळा होत असे.

या प्रथेची सर्वपरिचित साहित्यिक नोंद जॉन स्टाइनबेक याच्या 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' (१९६२) या प्रवासवर्णनात आढळते. १९६० मध्ये त्याने पाऊण टनी जीएमसी पिकअपवर कॅम्पर बसवून देशभर प्रवास केला. गाडीस त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचे, रोसिनान्ते हे नाव दिले होते. ती आज कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथील स्टाइनबेक संग्रहालयात पाहावयास मिळते. आपण गरजेपेक्षा कितीतरी अधिक सामान व पुस्तके भरली, हे तो मोकळेपणाने सांगतो. ऑरेगन राज्यात भर पावसात टायर फुटून अडकून पडल्याचा प्रसंगही त्यात आहे. जादा भाराचा परिणाम नेहमी पाट्यांवरच प्रकट होतो असे नाही. साखळीतील जी कडी दुर्बल असेल ती आधी तुटते, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

४. सुखकर प्रवास आणि भारवहन यांतील ओढाताण

पिकअप हे कुटुंबाचे वाहन होऊ लागताच उत्पादकांपुढे पेच उभा राहिला. १९६० मध्ये शेव्हरले कंपनीने आपल्या हलक्या पिकअपच्या मागील बाजूचे पाटे काढून गुंडाळी स्प्रिंग बसविल्या. उद्देश असा की, रिकामा ट्रक मोटारीसारखा चालावा. ही रचना १९७२ पर्यंत टिकली आणि १९७३ च्या नव्या मालिकेत मागील बाजूस पुन्हा पाटे आले. जे वाहन सुखकर करावयाचे त्यावरच अवजड घर चढवावयाचे, ही ओढाताण या एका तपाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

फोर्डने वेगळा मार्ग धरला. १९६५ मध्ये 'कॅम्पर स्पेशल' या नावाने तिने खास साहित्यसंच देऊ केला. वाढीव विद्युतक्षमता, इंजिन थंड ठेवण्याची अधिक चांगली व्यवस्था आणि कॅम्परसाठीची तारजोडणी यांचा त्यात समावेश होता. कॅम्पर वाहणे हा ट्रकचा स्वतंत्र व मान्य उपयोग आहे, याची कारखान्याने दिलेली ही कबुली होय.

कारखान्याबाहेर पूरक साहित्याची मोठी बाजारपेठ उभी राहिली. साहाय्यक पाटे हा त्यातील सर्वांत स्वस्त उपाय होता. दुसरा उपाय हवेच्या फुग्यांचा. फायरस्टोन कंपनीने १९३० च्या दशकात हवेच्या स्प्रिंगांवर काम केले होते. १९५३ पासून जनरल मोटर्सच्या बसगाड्यांत त्या वापरात आल्या. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहम या महागड्या मोटारीत त्या चारही चाकांवर होत्या; परंतु हवा गळण्याच्या त्रासामुळे अनेक मालकांनी पुढे साध्या गुंडाळी स्प्रिंग बसवून घेतल्या. १९४९ मध्ये मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे स्थापन झालेल्या एअर लिफ्ट कंपनीने मूळ स्प्रिंग न काढता तिच्या जोडीला हवेचा फुगा देण्याचा मध्यममार्ग रूढ केला. भारानुसार हवेचा दाब कमीअधिक करता येतो, हा त्याचा मोठा गुण. रिकाम्या गाडीत हवा कमी ठेवावी, कॅम्पर चढविला की भरावी; त्यामुळे पाट्यांचा तो जुना पेच बराचसा सुटतो.

तिसरा उपाय आडव्या दांडीचा. ही दांडी डाव्या व उजव्या चाकांच्या हालचालींना एकमेकींशी जखडते आणि वळणावर गाडीचे कलणे कमी करते. कॅम्परमुळे वाहनाचा गुरुत्वमध्य उंचावतो व बाजूच्या वाऱ्यास मोठी भिंत मिळते. म्हणून या दांडीचे महत्त्व विशेष. मात्र ती भार उचलत नाही. चौथा उपाय झटकेरोधकांचा, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचा. तो झोल लवकर शमवितो, पण तोही भार उचलत नाही. १९७३ मध्ये शेव्हरलेच्या एक टनी पिकअपला मागे जोडचाकांची सोय झाली. तिने टायरांची भारक्षमता व आडवी स्थिरता या दोहोंस हातभार लावला.

५. पाटे काय करू शकत नाहीत

वरील उपायांपैकी प्रत्येक उपयुक्त आहे, हे नाकारता येत नाही. तथापि त्यांची मर्यादा समजण्यासाठी एक साधे गणित पाहू. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ३४० सेंटिमीटर आणि कॅम्परचे वजन १,००० किलोग्रॅम मानू. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या २० सेंटिमीटर पुढे असेल, तर सुमारे ५९ किलोग्रॅम भार पुढच्या आसावर आणि ९४१ किलोग्रॅम मागच्या आसावर पडेल. तोच गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे गेला, तर मागच्या आसावर १,०८८ किलोग्रॅम भार येईल. कॅम्परच्या वजनापेक्षा हा भार ८८ किलोग्रॅमने अधिक आहे. हे ८८ किलोग्रॅम पुढच्या चाकांवरून उचलले गेलेले असतात आणि दिशा देण्याचे काम तर पुढचीच चाके करतात. गाडी उलाळ होणे म्हणजे नेमके हेच.

आता मागे कितीही मजबूत पाटे वा फुगे बसविले तरी या आकड्यांत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. गाडीची मागची बाजू वर येईल, दिव्यांचा झोत पुन्हा रस्त्यावर पडेल, डोलणे कमी होईल; परंतु आसावरचा भार, टायरांवरचा भार आणि ब्रेकवरचे ओझे तेवढेच राहील. किंबहुना, गाडी सरळ दिसू लागल्याने जादा भाराची एकमेव दृश्य खूणच पुसली जाते. ताप उतरविणाऱ्या औषधाने रोग बरा झाला असे मानण्यासारखेच हे आहे. ज्यांचा भार मर्यादेत आहे त्यांच्यासाठी सस्पेन्शनची सुधारणा ही खरी सुधारणा असते. ज्यांनी मर्यादा ओलांडली आहे त्यांच्यासाठी ती फसवे समाधान ठरते.

या जाणिवेचे प्रतिबिंब खुद्द वाहनाच्या रचनेतही पडले. फोर्डने १९७३ मध्ये आणलेल्या एफ-३५० 'सुपर कॅम्पर स्पेशल' या ट्रकमध्ये दोन आसांमधील अंतर नेहमीच्या १३३ इंचांऐवजी १४० इंच ठेवले आणि मागचा आस मागे सरकविला. कॅम्परचा गुरुत्वमध्य आसाच्या पुढे यावा, हा त्यामागील विचार. शेतकरी पोती पुढे सरकवितो; येथे कारखान्याने चाकच मागे सरकविले. तत्त्व एकच.

६. उत्तरदायित्वाचा प्रश्न आणि १९७३ चा नियम

कॅम्परच्या बाबतीत उत्तरदायित्व तिघांत विभागले गेले होते. ट्रक एका कंपनीचा, कॅम्पर दुसऱ्या कंपनीचा आणि दोन्ही जोडून त्यात सामान भरणारा मालक तिसराच. ट्रकवाल्यास कोणता कॅम्पर चढणार ते ठाऊक नाही, कॅम्परवाल्यास तो कोणत्या ट्रकवर बसणार ते ठाऊक नाही आणि मालकास गुरुत्वमध्य ही गोष्टच ठाऊक नाही. अशा स्थितीत अपघात झाल्यास दोष कोणाचा?

याच काळात मागील सस्पेन्शन हा अमेरिकेत सार्वजनिक चर्चेचा विषय झाला होता. राल्फ नेडर यांच्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' (१९६५) या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण शेव्हरले कॉर्व्हेर या मोटारीच्या मागील सस्पेन्शनच्या दोषांवर होते. त्या मोटारीची हाताळणी समकालीन गाड्यांच्या तुलनेत अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष शासकीय अभ्यासाने १९७२ मध्ये काढला, हेही नमूद करावयास हवे. परंतु वाहनाची रचना ही केवळ उत्पादकाची खासगी बाब नाही, हा विचार तोपर्यंत मान्य झाला होता. १९६६ मध्ये मोटार वाहन सुरक्षा कायदा संमत झाला आणि त्याअन्वये सुरक्षा मानके ठरू लागली.

त्यांपैकी १२६ क्रमांकाचे, ट्रकवरील कॅम्परच्या भाराविषयीचे मानक १ जानेवारी १९७३ पासून लागू झाले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे स्वरूप फार बोलके आहे. त्यात कोणते पाटे बसवावेत याचा आदेश नाही. त्याचा भर माहिती देण्यावर आहे. कॅम्पर बनविणाऱ्याने त्यावर पट्टी लावून कमाल वजन सांगावे. आणि ते सांगताना पाणी, गॅस व शीतकपाट यांचा समावेश करावा. कॅम्परचा गुरुत्वमध्य कोठे आहे तेही आकृतीने दाखवावे. ट्रक बनविणाऱ्याने प्रत्येक आसनामागे १५० पौंड याप्रमाणे प्रवाशांचे वजन वगळून उरणारी भारक्षमता सांगावी आणि गुरुत्वमध्य हौद्याच्या कोणत्या पट्ट्यात पडावा ते दाखवावे. मालकाने या दोन आकृत्यांचा मेळ घालावा; गाडी भरल्यावर काट्यावर नेऊन पुढची व मागची चाके स्वतंत्रपणे तोलावीत. मर्यादा ओलांडली असेल तर काय करावे? सामान हलवावे किंवा काढावे, हे त्या नियमाचे उत्तर आहे. पाटा वाढवावा, असे तेथे म्हटलेले नाही.

पुढे या तरतुदी ग्राहकांना द्यावयाच्या माहितीविषयीच्या नियमांत समाविष्ट झाल्या. रिकामा झालेला १२६ हा क्रमांक २००७ मध्ये वाहन घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रणाच्या मानकास देण्यात आला.

७. भारतीय संदर्भ

ट्रकवरील कॅम्परची प्रथा आपल्याकडे रुजलेली नाही. परंतु जादा भारासाठी पाटे वाढविणे ही गोष्ट आपल्या महामार्गांना अपरिचित नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यांत मालकास मनाप्रमाणे बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. जादा भाराबद्दल दंड आकारून गाडी तशीच पुढे सोडणे कायद्यास धरून नाही, असे याच न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये स्पष्ट केले होते. दोन्ही देशांतील परिस्थिती भिन्न असली तरी मुख्य सूत्र समान आहे. पाट्यांनी गाडी वर उचलता येते. तिची विहित मर्यादा त्यांनी वाढत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, कॅम्परवाहू पिकअपच्या मागील सस्पेन्शनचा प्रश्न शेतीच्या वाहनाचे कौटुंबिक वाहनात रूपांतर झाल्याने तीव्र झाला. तो निव्वळ यांत्रिक दोष नव्हता. दुसरा, साहाय्यक पाटे, हवेचे फुगे, आडवी दांडी व झटकेरोधक यांनी उंची, डोलणे व झोल यांवर मात केली. परंतु भाराचे परिमाण व स्थान यांवर त्यांची सत्ता चालत नाही. तिसरा, १९७३ च्या नियमाने विभागलेले उत्तरदायित्व माहितीच्या धाग्याने जोडण्याचा प्रयत्न केला आणि काटा व गुरुत्वमध्य या दोन गोष्टी सामान्य मालकाच्या हाती दिल्या.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात सुधारणा हा शब्द आपण अनेकदा प्रगतीचा समानार्थी म्हणून वापरतो. एखाद्या सुधारणेने अडचण सोडविली की अडचणीची खूण झाकली, हे तपासणे अभ्यासकाचे काम आहे. ते करताना उलाळ गाडीतील पोती पुढे सरकविणाऱ्या शेतकऱ्याचे व्यवहारज्ञान आणि काट्यावर चाके तोलावयास सांगणारा अमेरिकी नियम यांत फारसे अंतर नाही, हे लक्षात येते.